फाइल नक्की कुणाच्या टेबलावर अडली? ई-ऑफिसमध्ये असं कळतं

कोल्हापुरातल्या एखाद्या सरकारी कार्यालयात अर्ज दिलाय आणि ‘फाइल वर गेलीय’ एवढंच उत्तर मिळतंय? ई-ऑफिसमध्ये ‘वर’ म्हणजे कुणाकडे, हे दिसतं.

एनआयसीच्या या प्रणालीत क्लार्क फाइलवर टिप्पणी लिहितो आणि पुढच्या अधिकाऱ्याचं नाव निवडून पाठवतो. पिवळी टिप्पणी कच्ची असते, ती बदलता येते. हिरवी टिप्पणी पुढे गेली की बदलता येत नाही. फाइल कुणाकडे, कधी गेली याची नोंद आपोआप होते.

ही नोंद महत्त्वाची का? २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये.

त्यामुळे माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं मोघम विचारू नका. फाइलच्या प्रवासाची तारीखवार नोंद मागा.