गिअरबॉक्स एका दिवसात मोडत नाही

साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात रात्रंदिवस फिरणाऱ्या मिलचा गिअरबॉक्स बसला तर काय होते, हे सांगली-कोल्हापूर भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही घसरतो. नुकसान कारखान्याचे होते तसेच शेतकऱ्याचे, गाडीवानाचे आणि तोडणी मजुराचेही होते.

लहान उद्योजकाची अवस्था याहून बिकट असते. खडी क्रशर, प्लॅस्टिक पाइपचा एक्सट्रूडर, रबर मिल, कन्व्हेयर अशा ठिकाणी बहुधा एकच गिअरबॉक्स असतो आणि जोडीला दुसरा ठेवण्याइतके भांडवल नसते. तो मोडला की कामगार बसून राहतात, ऑर्डर दुसरीकडे जाते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी "चांगला चालत होता, अचानक मोडला" असे मालक सांगतो. खरी गोष्ट अशी की, गिअरबॉक्स अचानक क्वचितच मोडतो. तो महिनोन् महिने तक्रार करीत असतो. ऐकणारा कोणी नसतो, एवढेच.

त्याच्यावर भार किती असतो?

50 अश्वशक्तीची मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, तेव्हा तिच्या शाफ्टवरचा पीळ सुमारे 25 किलोग्रॅम-मीटर असतो. गिअरबॉक्सने हे फेरे चाळीस पटीने कमी करून 36 वर आणले की तोच पीळ, घर्षणातली घट सोडल्यास, जवळजवळ 1000 किलोग्रॅम-मीटर होतो. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक टन वजन टांगावे तसे. हा सगळा जोर एका वेळी दोन-चार दातांवरच येतो. दाताला दात भिडतो तेथे त्यांना वेगळे ठेवणारा तेलाचा पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो. तो पडदा टिकला तर गिअरबॉक्स वर्षानुवर्षे टिकतो, फाटला तर लोखंड लोखंडाला खाते.

तेल : पहिला संशयित

बिघाडाचे मूळ शोधताना सर्वप्रथम तेलाकडे पाहावे. तेल कमी पडले तर दात कोरडे पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तेल जास्त भरले तरी नुकसान होते, हे अनेकांना ठाऊक नसते. जादा तेल गिअर घुसळत राहतो, फेस येतो, तेल तापते आणि तापले की पातळ होते. म्हणून पातळीच्या खुणेपर्यंतच तेल भरावे, "थोडे जास्त असलेले बरे" हा हिशेब येथे चालत नाही.

दुसरी चूक तेलाच्या नंबरची. 220, 320, 460 हे आकडे 40 अंश तपमानाला तेल किती दाट आहे ते सांगतात. आकडा मोठा, तेल दाट. नेमप्लेटवर 320 लिहिले असताना दुकानात मिळाले म्हणून 150 टाकले, तर भारी बोजाखाली पडदा टिकत नाही. वर्म गिअरबॉक्समध्ये आणखी एक धोका आहे. त्याचे चाक ब्रॉन्झचे असते. काही ईपी तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये तपमान वाढले की ब्रॉन्झला खातात. त्यामुळे वर्मसाठी उत्पादकाने सांगितलेलेच तेल वापरावे.

तिसरी चूक बदलण्याच्या मुदतीची. नवीन गिअरबॉक्स चालू झाल्यावर दात एकमेकांत बसताना लोखंडाची बारीक पूड निघते, म्हणून पहिले तेल सुमारे 500 तासांत किंवा महिन्याभरात काढून टाकावे लागते. पुढे साध्या खनिज तेलाची मुदत साधारण 2500 तास किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते. तेल तापत असेल तर ही मुदतही कमी होते. ढोबळ नियम असा की, तेलाचे तपमान दर 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते.

पाणी आणि धूळ

गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक लहान ब्रीदर असतो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा त्यातून बाहेर जाते, निवला की बाहेरची आत येते. क्रशरवर किंवा बगॅसच्या भुशात हा ब्रीदर बुजतो. मग आत दाब वाढतो आणि तेल ऑइल सीलमधून बाहेर येऊ लागते. मिस्त्री सील बदलतो, आठवड्यात पुन्हा गळती सुरू होते. दोष सीलचा नसतोच. उलट ब्रीदर मोडून उघडा पडला असेल तर धूळ आणि दमट हवा थेट तेलात जाते. तेल दुधासारखे पांढुरके दिसले की पाणी शिरले असे समजावे. पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते.

सेंटरिंग आणि पाया

मोटर आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंगचे रबर वारंवार झिजते. रबर बदलणे स्वस्त असते म्हणून कोणी खोलात जात नाही. पण तोच वाकडा जोर बेअरिंगवर येतो, बेअरिंग सैल होते, शाफ्ट सरकतो आणि दात पूर्ण रुंदीने न भिडता एका कडेवर भिडतात. शेवटी ती कडच तुटते. सुरुवात कपलिंगपासून झाली, हे तोवर विसरले गेलेले असते.

सेंटरिंग पट्टीने किंवा डोळ्याने नव्हे, डायल गेज लावून करावे. त्यातही उष्णतेचा हिशेब धरावा. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची अर्धा मीटर असेल आणि गिअरबॉक्स 40 अंशांनी तापला, तर शाफ्ट सुमारे 0.2 मिलिमीटर वर उचलला जातो. थंड असताना अचूक जुळवलेली रेषा चालू झाल्यावर बिघडते ती यामुळे. तसेच चारपैकी एक पाय अधांतरी असेल आणि बोल्ट आवळून तो खाली ओढला, तर घरच पिळवटते. त्या पायाखाली योग्य जाडीची शिम घालावी. पुली किंवा स्प्रॉकेट शाफ्टच्या टोकाला न लावता होईल तितके गिअरबॉक्सजवळ लावावे आणि पट्टे वाजवीपेक्षा जास्त ताणू नयेत.

जादा भार आणि धक्के

गिअरबॉक्स निवडताना केवळ मोटरची अश्वशक्ती पाहणे ही महागात पडणारी काटकसर आहे. पंखा सारखा एकाच भाराने फिरतो, क्रशरला दर क्षणी धक्के बसतात. म्हणून धक्क्याच्या आणि चोवीस तासांच्या कामासाठी गरजेच्या पावणेदोन ते दोनपट ताकदीचा गिअरबॉक्स घ्यावा लागतो. उसाबरोबर लोखंडाचा तुकडा मिलमध्ये गेला तर काय होते, हे कारखान्याचे फिटर जाणतात. तेथे चुंबक बसवतात ते याचसाठी.

एक्सट्रूडरमध्ये आतले प्लॅस्टिक पुरेसे वितळण्याआधीच स्क्रू फिरवला तर सगळा जोर गिअरवर येतो. एरवीही या गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगवर मोठा बोजा असतो. 90 मिलिमीटरचा स्क्रू आणि दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोचा दाब असेल, तर स्क्रूला मागे रेटणारा जोर साडेबारा टनांच्या पुढे जातो. हीटर लावल्यावर थांबण्याची अर्ध्या-एक तासाची घाई पुढे फार मोठ्या खर्चात उतरते.

आपल्याच हातांनी होणारे घाव

काही नुकसान दुरुस्तीच्या वेळी होते. यंत्रावर वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा दूर कोठेतरी लावला, तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या धावेवर बारीक जळके डाग पडतात. त्या डागांपासूनच पुढे पोपडे निघतात. अर्थचा चिमटा नेहमी वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. बेअरिंग हातोडीने ठोकून किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून बसवू नये. तेलाच्या भांड्यात किंवा हीटरवर 110 अंशांच्या आत तापवले की ते सहज सरकते.

तसाच प्रकार स्वस्त पिनियनचा. मूळ पिनियन ईएन 353 सारख्या पोलादाचा, पृष्ठभाग कडक केलेला असतो. त्याच मापाचा ईएन 8 चा पिनियन कापून, कडक न करता बसवला तर दिसायला सारखाच दिसतो, पण त्याच भाराखाली लवकर झिजतो. शिवाय जुन्या झिजलेल्या चाकावर नवा पिनियन बसवला तर दोन्ही नीट भिडत नाहीत. शक्यतो जोडीच बदलावी.

बंद हंगामातला गंज हाही मोठा शत्रू आहे. ओलावा आणि आम्ल धरलेले जुने तेल पावसाळाभर आत ठेवू नये. नवे तेल भरावे आणि शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा.

तुटलेला दात साक्ष देतो

मोडलेले भाग भंगारात टाकण्यापूर्वी नीट पाहावेत. तुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या तर चीर हळूहळू वाढत गेली होती. सगळा भाग एकसारखा खरखरीत असेल तर एकाच मोठ्या धक्क्याने दात गेला. दातावर देवीच्या व्रणासारखे खड्डे असतील तर पृष्ठभाग दीर्घकाळच्या बोजाने थकला आहे. वरून खाली ओरखडे असतील तर तेलाचा पडदा फाटला होता. कारण न शोधता नवा भाग बसवणे म्हणजे पुढच्या बिघाडाची तारीख ठरवणे होय.

उपाय खर्चिक नाहीत. एक वही ठेवावी. रोज तेलाची पातळी, तपमान आणि आवाज यांची नोंद करावी. आठवड्याला ब्रीदर साफ करावा, महिन्याला बोल्ट तपासावेत, तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटले ते पाहावे. बारीक पूड ही झीज असते, पण चमकणारे पापुद्रे दिसले तर यंत्र थांबवून उघडावे.

लेथ आणि फिटिंगच्या कामात हात बसलेल्या तरुणांनीही याकडे धंदा म्हणून पाहावे. डायल गेज, तपमापक आणि नियमित नोंदी एवढ्या भांडवलावर चार-पाच लहान कारखान्यांच्या देखभालीचे वार्षिक काम घेता येते. मोडलेला गिअरबॉक्स जोडणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो मोडू न देणारा कारागीर कारखानदाराला अधिक हवा असतो.