धुराड्याचा हिशेब

रेशनच्या दुकानाबाहेर एक फलक असतो. गहू किती आला, तांदूळ किती शिल्लक आहे, भाव काय, हे त्यावर लिहिलेले असावे असा नियम आहे. फलक लिहिल्याने धान्य वाढत नाही हे खरे. पण फलक असला म्हणजे गिऱ्हाईकाला दुकानदारापुढे उभे राहून दोन प्रश्न विचारता येतात. कारखान्याच्या धुराड्यातून आणि सांडपाण्यातून जे विष बाहेर पडते त्याचाही असाच फलक असावा, ही कल्पना अमेरिकेने १९८६ साली कायद्यात आणली. तिच्या मुळाशी मात्र आपल्या देशातील एक रात्र आहे.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. हजारो माणसे मेली. ज्या वस्त्यांवर तो वायू उतरला त्यांना कारखान्यात काय साठवले आहे हे कोणी कधी सांगितले नव्हते. इस्पितळातील डॉक्टरांनाही हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे धड ठाऊक नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी सूचनाही लोकांपर्यंत पोहोचली नाही. विषाइतकेच या अज्ञानानेही लोकांना मारले असे मला वाटते.

याच कंपनीचा, हाच वायू तयार करणारा दुसरा कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील इन्स्टिट्यूट या गावी होता. (गावाचे नावच तसे आहे.) ऑगस्ट १९८५ मध्ये तेथे दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावे लागले. भोपाळ दूर होते. हे घरातले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 'आपत्कालीन नियोजन व समाजाचा जाणण्याचा हक्क' या कायद्यावर सही केली. त्यातूनच टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी, म्हणजे विषारी उत्सर्जनांची नोंदवही, सुरू झाली.

या नोंदवहीची पद्धत साधी आहे. ठरावीक उद्योगांतील ज्या कारखान्यात १० किंवा अधिक पूर्णवेळ कामगार आहेत आणि यादीतील एखादे रसायन वर्षाला २५,००० पौंडांहून (सुमारे ११ हजार किलो) अधिक तयार होते किंवा प्रक्रियेत वापरले जाते, त्याने आपला हिशेब दरवर्षी १ जुलैपर्यंत सरकारला द्यायचा. हवेत किती सोडले, पाण्यात किती, जमिनीत किती पुरले, दुसरीकडे किती पाठवले, असा हा हिशेब. शिसे, पारा अशा शरीरात साचून राहणाऱ्या विषांसाठी मर्यादा फार कमी आहे. पाऱ्यासाठी ती अवघी १० पौंड आहे. आरंभी यादीत ३०० हून अधिक रसायने होती, आज ती सुमारे ८०० आहेत. आणि मुख्य गोष्ट ही, की हा सगळा हिशेब संगणकावरून जनतेला खुला करण्याचे बंधन सरकारवर आहे.

गंमत अशी, की हा कायदा एक ग्रॅम विषही सोडायला मनाई करत नाही. तो फक्त सांगायला लावतो. तरी त्याचा धाक बसला. पहिले आकडे १९८७ सालचे होते. नुसत्या हवेत दोन अब्ज पौंडांहून अधिक विषारी द्रव्ये सोडली गेल्याचे त्यांतून दिसले. आकडे भरायची वेळ आली तेव्हा, १९८८ मध्येच, मोन्सॅन्टो कंपनीच्या प्रमुखांनी हवेतील विषारी उत्सर्जन १९९२ अखेरपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर करून टाकले. १९८९ मध्ये आकडे प्रसिद्ध होताच त्यांत नाव असलेल्या कंपन्यांच्या शेअरचे भाव घसरले, असे जेम्स हॅमिल्टन या अभ्यासकाने १९९५ मध्ये दाखवून दिले. दंडाने जे होत नाही ते कधी कधी चारचौघांत नाव निघाल्याने होते.

पण या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. हिशेब लिहिणारा कारखानदारच असतो आणि त्याला मोजमापाऐवजी अंदाज देण्याची मुभा आहे. शिवाय नुसते वजन फसवे असते. एकूण आकड्यांत अलास्का राज्य बहुधा वर दिसते, ते तेथील रेड डॉग या जस्ताच्या खाणीमुळे. धातुमिश्रित दगडमातीचे ढीगही हिशेबात धरले जातात. उलट दाट वस्तीतला एखादा लहान कारखाना थोडेच पण जहाल विष सोडतो आणि यादीत तळाशी राहतो. राज्यकर्त्यांचाही भरवसा नाही. २००६ मध्ये तेथील पर्यावरण खात्याने पुष्कळ कारखान्यांना त्रोटक अर्ज भरण्याची सवलत दिली. २००९ मध्ये काँग्रेसने ती काढून घेतली.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम घातले गेले आणि धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देण्याची जबाबदारी कारखान्यावर आली. परंतु घरबसल्या गावाचे नाव घालून पाहता येईल अशी देशव्यापी नोंदवही आपल्याकडे नाही. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला स्टायरीनची वाफ सुटली, तेव्हा लोक झोपेतून उठून पळाले. स्टायरीन हे नाव अमेरिकेच्या यादीत आहे.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, मग विचारावे, असे कोणी म्हणेल. पण विचारायला आधी नाव ठाऊक असावे लागते. आमच्या भागातील कामगार रसायने ओळखतात ती 'पिवळे पिंप', 'सडक्या अंड्याच्या वासाचे पाणी' अशा नावांनी. पिंपावरची अक्षरे इंग्रजी असतात. या खुणांनी अर्ज कसा लिहायचा?

एक वाट मात्र आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेऊन चालणाऱ्या कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचे असते. त्याला फॉर्म पाच म्हणतात. कच्चा माल किती लागला, हवेत व पाण्यात काय गेले, घातक कचरा किती निघाला, हे त्यात लिहावे लागते. या विवरणपत्राची प्रत मागताना रसायनाचे नाव लागत नाही. कारखान्याचे नाव, वर्ष आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प एवढ्यावर अर्ज होतो.