की-बोर्डवरील विरामचिन्हे : थोडी ओळख

स्मरणिका असो, वार्षिक अहवाल असो की साधा अर्ज असो, सर्व मजकूर आता संगणकावर टाइप होतो. अक्षरे बहुतेकांना जमतात. बोट अडते ते विरामचिन्हांपाशी. मग अवतरणचिन्ह गळते, दंडाच्या जागी भलतीच रेघ येते आणि विसर्गाऐवजी अपूर्णविराम बसतो.

त्यात एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. रकमेतील एक बिंदू सरकला तर काय होते, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे. लेखनातही तसेच आहे. अवतरणचिन्हे नसतील तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वाक्य कोठे संपले आणि लेखकाचे स्वतःचे कोठे सुरू झाले, हे कळत नाही. पुढचा वाचक लेखकाचेच वाक्य बाबासाहेबांच्या नावावर सांगू लागतो.

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. छापखान्यात या चिन्हांचे खिळे वेगळे असत. संगणकावर मात्र जागेची अडचण झाली. भारतीय लिप्यांसाठी सरकारी पुढाकाराने तयार झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ रचनेत देवनागरीची अक्षरे इंग्रजीच्या २६ कळांवर मावत नाहीत. म्हणून चिन्हांच्या कळाही अक्षरांना दिल्या आहेत. इंग्रजीत अवतरणचिन्ह देणारी कळ येथे ‘ट’ देते, शिफ्टसह ‘ठ’ देते. अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ आहेत. चिन्ह हरवलेले नाही, त्याची जागा अक्षराने घेतली आहे.

उपाय सोपा आहे. विंडोज असलेल्या संगणकावर विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबावा व इंग्रजी की-बोर्डवर यावे. नम लॉक चालू करावे. मग ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी पुढील आकडे टाइप करावेत व ऑल्ट सोडावी :

एकेरी अवतरण ‘ ’ : ०१४५ आणि ०१४६
दुहेरी अवतरण “ ” : ०१४७ आणि ०१४८
मध्यम रेघ – : ०१५०
लांब रेघ — : ०१५१
तीन टिंबे … : ०१३३

लॅपटॉपवर आकड्यांच्या वेगळ्या कळा नसतील, तर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकदम दाबावेत. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत व विंडोज ११ मध्ये उघडणाऱ्या चौकटीत चिन्हांचाही विभाग असतो.

दोन चिन्हे मात्र इनस्क्रिप्टमध्येच आहेत. पाली गाथेच्या ओळीअखेरचा दंड (।) शिफ्ट आणि पूर्णविरामाच्या कळीने येतो. इंग्रजी की-बोर्डवरील उभी रेघ दिसायला तशीच, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी खूण आहे. विसर्ग (ः) शिफ्ट आणि संयोगचिन्हाच्या कळीने येतो.

विसर्गाबाबत विशेष जपावे. पालीत ‘दुक्ख’ लिहिताना विसर्ग लागत नाही, मराठीत ‘दुःख’ लिहिताना लागतो. तेथे अपूर्णविराम दिला तर कागदावर फरक जाणवत नाही. परंतु पुढे एखादा विद्यार्थी संगणकावरील ग्रंथात हा शब्द शोधू लागला, तर अपूर्णविराम घातलेले शब्द त्याला बहुधा सापडणारच नाहीत. मजकूर असूनही नसल्यासारखा होतो.

म्हणून आमची तरुण मित्रांना विनंती आहे, की वरचे आकडे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावेत आणि मजकूर छपाईला देण्यापूर्वी एक वाचन केवळ चिन्हांसाठी करावे. आपल्या समाजाचा लिखित ठेवा पुढच्या पिढीच्या हाती जायचा आहे. तो कोणी म्हटला, नेमका काय म्हटला, हे त्या पिढीला शंकेविना कळले पाहिजे.