चुंबकचिकित्सा : रक्तातील लोहाचा युक्तिवाद

रक्तात लोह असते, म्हणून चुंबकाने रक्ताभिसरण सुधारते, असे चुंबकचिकित्सेचे समर्थक सांगतात. वरवर पटणारा हा युक्तिवाद मुळातच सदोष आहे. हिमोग्लोबिनमधील लोह लोखंडाच्या किसासारखे वागत नाही. पॉलिंग व कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखविल्याप्रमाणे प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन चुंबकाकडून किंचित दूर लोटले जाते, तर प्राणवायुविरहित हिमोग्लोबिन क्षीणपणे आकर्षिले जाते. एम.आर.आय. यंत्राच्या १.५ टेस्ला क्षेत्रातही रुग्णाचे रक्त एका बाजूस ओढले जात नाही; मग गुडघ्यावरील पट्ट्याची काय कथा!

रुग्णांना आराम वाटतो, हे मात्र नाकारता येत नाही. तो चुंबकाचा की विश्वासाचा, हे ठरविणे कठीण, कारण पट्टा खरा की नकली हे रुग्ण साध्या टाचणीनेही ताडू शकतो. वेदनाशमनाच्या चाचण्यांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणात स्थिर चुंबकाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. सांध्यांच्या झिजेबाबतचा निष्कर्ष तेवढा अनिर्णित राहिला. नैराश्यावर अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळालेली, मेंदूत विद्युतप्रवाह निर्माण करणारी स्पंदित चुंबकक्षेत्राची पद्धती याहून सर्वस्वी भिन्न आहे.

पेसमेकर बसविलेल्यांनी छातीवर चुंबक बांधणे धोक्याचे असते. चुंबकाच्या सान्निध्यात त्या यंत्राची कार्यपद्धतीच बदलू शकते.