प्रार्थनेनंतरही छाती धडधडते तेव्हा

‘रोज प्रार्थना करते, तरी भीती जात नाही. माझी श्रद्धाच कमी पडतेय का?’ हा प्रश्न पाळकांना किंवा फादरांना नवा नसतो. झोप नाही, छातीत धडधड, काहीतरी वाईट घडणार ही सततची धास्ती. सहा महिने, बहुतेक दिवस असंच चाललं आणि कामावर परिणाम होऊ लागला, तर वैद्यकशास्त्र त्याला चिंताविकार म्हणतं. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला मात्र चिंता करू नका असं सांगणारी बायबलमधली वचनं आठवतात. ती दिलासा म्हणून न वाचता हुकूम म्हणून वाचली, की आजाराच्या जोडीला अपराधीपणही येतं.

ख्रिस्ती समुपदेशन सगळीकडे एकसारखं नाही. अमेरिकेतले अँटन बॉइसन स्वतः गंभीर मानसिक आजारातून गेलेले धर्मोपदेशक होते. त्यांनी १९२५मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांशी बोलायला, त्यांचं ऐकायला शिकवलं. उलट १९७०मध्ये जे अ‍ॅडम्स यांनी मानसिक त्रासाचं मूळ बहुतेकदा पापात शोधणारा आणि मानसशास्त्राला दूर ठेवणारा पंथ मांडला. चिंतेच्या रुग्णासाठी पहिली वाट हिताची, दुसरी जोखमीची, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिंतेचं एक सख्खं भावंड आहे, धार्मिक कुशंका. आज त्याची गणना मंत्रचळाच्या आजारात होते. मनात आलेला एखादा विचार म्हणजे पापच, पापनिवेदनात काहीतरी सांगायचं राहूनच गेलं, असं वाटून माणूस पुन्हा पुन्हा धर्मगुरूकडे जातो. धर्मगुरू मायेनं समजावतात, तासभर बरं वाटतं आणि शंका परत येते. मेंदू यातून एवढंच शिकतो, की शंका आली की दिलासा मागायचा. म्हणजे दिलाशानेच आजार पोसला जातो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी १५२२च्या सुमारास मान्रेसा इथे हेच भोगलं. जीव देण्याचे विचारही त्यांच्या मनात आले. अखेर मागची पापं पुन्हा कबूल करायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांची सुटका झाली. शंकेला तोंड द्यायचं, पण ती शमवणारी कृती करायची नाही, या उपचाराचे प्रयोग मानसशास्त्रात १९६६मध्ये व्हिक्टर मेयर यांनी प्रसिद्ध केले!

म्हणून जाणता समुपदेशक ‘काही होणार नाही’ असं दहादा सांगत बसत नाही. चिंतेमुळे टाळलेल्या गोष्टींकडे, मग तो लोकलचा प्रवास असो की चर्चमध्ये सर्वांसमोर वाचन, तो माणसाला थोडं थोडं परत नेतो. प्रार्थना हवीच असेल तर असावी; फक्त भीती घालवण्याचा विधी म्हणून ती पन्नासदा होत नाही ना, एवढं तो पाहतो.

शास्त्रीय पुरावा तसा मोजकाच आहे. हॅरॉल्ड कोनिग यांच्या गटाने दीर्घ आजारासोबत नैराश्य असलेल्या १३२ रुग्णांवर अभ्यास केला. विचार-वर्तन उपचार श्रद्धेच्या भाषेत दिले काय किंवा नेहमीच्या, फायदा साधारण सारखाच दिसला. पण तो अभ्यास नैराश्याचा होता. चिंतेला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

धडधड, हातांची थरथर, वजन घटणं यामागे थायरॉइडही असू शकतं, त्यामुळे आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनाने बंद करू नयेत, ‘गोळ्या सोड आणि विश्वास ठेव’ असं कुणी सांगितलं तरीही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर रविवारची वाट पाहू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.