नाशिकच्या द्राक्षाचं नाव आणि आपली पेटी



निफाड-दिंडोरीकडचा माल बाजारात उतरला की गिऱ्हाईक आधी विचारतं, "नाशिकची का?" या नावाला किंमत आहे. म्हणूनच दुसरीकडचा मालही या नावावर खपवला जातो. अशा प्रकाराला आळा घालण्यासाठी भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याखाली नाशिकच्या द्राक्षांची नोंद २०१०-११ मध्ये झाली.

मग आपलं काम संपलं का? नाही. नोंद झाली ती नावाची, आपल्या पेटीची नव्हे. मानांकनाचा हक्क मिळवायचा तर बागायतदाराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. बाग त्या हद्दीत आहे हे दाखवायला सातबाऱ्याचा उतारा हाताशी ठेवावा.

फायदा काय? नाव चोरणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. खोटं मानांकन लावल्याचा गुन्हा शाबीत झाल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा कायद्यात आहे.

ध्यानात ठेवा : नोंदणी १० वर्षांची असते, मुदत सरण्याआधी नूतनीकरण करावं. हा हक्क विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही.

आणि शेवटचं. चिठ्ठी लावून आंबट घड गोड होत नाही. साखर भरल्याशिवाय तोडणी करू नका. नाव टिकेल ते त्यानेच.