सुट्टीतील साहस आणि सह्याद्रीचे पाणी

शनिवारी रात्री मुंबईहून कसाऱ्याकडे निघणाऱ्या शेवटच्या लोकलमध्ये पाठपिशव्या घेतलेल्या तरुण-तरुणींचे घोळके हमखास दिसतात. पहाटेपर्यंत कळसूबाई, रतनगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पोहोचावयाचे, रविवार डोंगरात घालवावयाचा आणि सोमवारी सकाळी कचेरीत अथवा महाविद्यालयात हजर व्हावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. पुण्याहून मावळात, नाशिकहून त्र्यंबकच्या डोंगरांत आणि कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या बाजूला असेच जथे निघतात.

ही हौस आपल्याकडे नवी नाही. ‘गिरिविहार’ ही संस्था मुंबईत १९५४ साली स्थापन झाली. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकाने आयुष्यभर दुर्गभ्रमण केले आणि आपल्या लेखनातून हजारो वाचकांना गडांच्या वाटेवर आणले. नवे आहे ते या हौसेचे प्रमाण आणि तिचे प्रकार. गडचढाईच्या जोडीला आता वेगवान नदीत नौका हाकणे, धबधब्याच्या कड्यावरून दोराने उतरणे आणि अरुंद घळीतून वाट काढणे हे छंद रुजले आहेत. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याचा वारसा सांगणाऱ्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे डोंगराकडे वळणारी पावले यापुढे वाढणार, हे उघड आहे.

अशा वेळी या साहसाचे खरे स्वरूप काय, त्यात धोका नेमका कोठे असतो आणि तो टाळण्यासाठी गावपातळीवर काय करता येते, याची माहिती सर्व संबंधितांना असणे अगत्याचे आहे.

उन्हाळ्यात वाहणारी नदी

रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका नदी हे नौकासाहसाचे राज्यातील प्रसिद्ध ठिकाण होय. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील बहुतेक नद्यांचे पात्र आटलेले असते. मग ही एकच नदी फेसाळत कशी वाहते, असा प्रश्न नवख्या माणसास पडतो. याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या उतारावरून खाली भिरा येथील जलविद्युत केंद्रात येते. हे केंद्र १९२७ पासून वीज निर्माण करीत आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडले जाते. पाणी सुटले की पात्रातील खडकांवर खळाळ तयार होतात आणि त्या काही तासांतच रबरी तराफे व नौका पाण्यात उतरतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात यावी. आकाश निरभ्र असताना, ऊन तापलेले असतानाही या नदीचे पाणी चढू शकते. कोरड्या पात्रात खडकावर बसलेल्या सहलीला त्याची कल्पना नसते. नदीकाठच्या गावकऱ्यांना मात्र पाणी सुटण्याच्या वेळा पाठ असतात.

तराफा हवेने फुगविलेला, रुंद आणि सात-आठ जणांना पेलणारा असतो. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची नौका होय. मूळची सांगाड्यावर कातडे ताणून केलेली ही होडी अरुंद व हलकी असते. एक किंवा दोन माणसे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवितात. ती लवकर वळते आणि तितक्याच लवकर उलटतेही. म्हणून शांत जलाशयात उलटलेल्या नौकेतून बाहेर पडण्याचा सराव झाल्याखेरीज वेगवान पाण्यात ती नेऊ नये. जीवरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण यांस पर्याय नाही. पोहता येते, हे जाकीट नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रवाहात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण खडकांच्या फटीत पाय अडकला की पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि पाणी संथ होताच काठाकडे सरकावे.

घळ आणि गुहा

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. दरी म्हणण्यापेक्षा ती कातळातील एक प्रचंड भेग आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन माणसांपुरती वाट, तळाशी दगडधोंडे व थंड पाण्याचे डोह आणि क्षणभरच डोकावणारे ऊन, असे तिचे रूप आहे. पुढे कोकणाच्या बाजूस दोराच्या साहाय्याने उतरावे लागते.

अंधाऱ्या भुयारांतून हिंडण्याचा गुहाभ्रमणाचा छंद मात्र आपल्या राज्यात फारसा वाढला नाही. याचे कारण आपल्या भूमीतच आहे. अशा लांबलचक गुहा बहुधा चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने खडक विरघळून तयार होतात. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत त्या विपुल आहेत. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. तो पाण्यात विरघळत नाही, झिजतो आणि भेगांत फुटतो. त्यामुळे आपल्याकडे कडे, घळी आणि धबधबे अधिक. आपली बहुतेक लेणी माणसाच्या छिन्नीने घडविली आहेत.

तरीही गुहाभ्रमण करणाऱ्यांचे दोन नियम आपल्या घळींतही उपयोगी पडणारे आहेत. पहिला, प्रत्येकाजवळ प्रकाशाची तीन स्वतंत्र साधने असावीत. दुसरा, चमूत किमान चार जण असावेत. एक जखमी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून मदतीसाठी जावे.

घळीचा शत्रू पाऊस होय. पावसाळ्यात माथ्यावरचे सारे पाणी याच भेगेत उतरते आणि आत सापडलेल्या माणसाला वर चढण्यास वाव नसतो. त्यामुळे सांदण दरी पाहण्याचा काळ पाऊस पूर्ण थांबल्यावर सुरू होतो आणि अवकाळी मेघ दिसताच तो त्या दिवसापुरता संपतो.

दोन रविवार

३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच होता, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या वेळी कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. या माणसांपैकी कोणी मोठे साहस करावयास निघाले नव्हते. ती सहलीला आली होती. यावरून असे दिसते की, दोर आणि शिरस्त्राण घेऊन कड्यावर जाणाऱ्या सरावलेल्या माणसाला जितके जपावे, त्याहून अधिक जपावे लागते ते चप्पल घालून ओढ्यात उतरणाऱ्या कुटुंबाला.

डोंगरी ओढा अकस्मात का फुगतो? आपण उभे असतो तेथे पाऊस नसला, तरी वर दोन-तीन कोसांवर तो कोसळत असू शकतो. उघड्या कातळावर पाणी मुरत नाही. सगळे एकत्र होऊन थोड्याच वेळात खाली येते. त्याआधी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होते, पालापाचोळा व काटक्या वाहत येतात, ओढ्याचा आवाज भरदार होतो. यांतील एक खूण दिसली तरी सामान तेथेच टाकून उंच जागी जावे. गुडघ्यापर्यंतचे वेगवान पाणीही मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते.

गावाची जबाबदारी, गावाचा लाभ

पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेशाचे कारण कळले तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. ‘प्रवेश बंद’ एवढेच लिहिलेल्या फलकापेक्षा ‘येथे पाणी अचानक चढते’ असे सांगणारा फलक अधिक परिणामकारक ठरतो.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, जल आणि हवा या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक व सुरक्षासाधने यांवर त्यात भर आहे. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आयोजकाकडे नोंदणी आहे काय, हे प्रथम विचारावे.

ग्रामपंचायतींना फार मोठ्या खर्चाशिवाय पुढील गोष्टी करता येतील. गावातून वर जाणाऱ्यांची नावे, संख्या आणि परतण्याची वेळ नोंदवहीत लिहून घ्यावी. संध्याकाळी न परतलेल्यांची चौकशी पोलीस पाटलांमार्फत व्हावी. दोर, बॅटऱ्या, प्रथमोपचाराची पेटी आणि एक स्ट्रेचर गावात हाताशी ठेवावे. चार तरुणांना वाटाड्याचे आणि बचावाचे शिक्षण द्यावे. आपत्तीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पायथ्याशी ठळक लिहावेत. जेथे मोबाईलला संपर्क मिळतो ती जागाही फलकावर दाखवावी.

यात गावाचा लाभही आहे. डोंगराखालच्या वाड्यांतून पिठले-भाकरी करून देणाऱ्या भगिनी आणि वाट दाखविणारे तरुण या रविवारांवर चार पैसे मिळवितात. वाटाड्यास देऊ केलेली रक्कम जास्त वाटली म्हणून ती वाचविणारे पाहुणे रात्री चुकलेल्या वाटेवर त्यालाच हाका मारतात, हा अनेक गावांचा अनुभव आहे.

हे ऋण एकतर्फी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला मोटाररस्ता नव्हता, चढूनच जावे लागे. मदतीला धावलेल्यांत गिर्यारोहण संस्थांचे तरुणही होते. सुट्टीतील छंद म्हणून शिकलेले दोराचे काम आणि पायाखाली घातलेली वाट त्या पावसात उपयोगी पडली.

सह्याद्रीतील साहस बंद करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तरुणांना काटकपणा, शिस्त आणि सोबत्यासाठी थांबण्याची वृत्ती ते शिकविते. गरज आहे ती एवढीच की, वर जाणाऱ्याने गावात क्षणभर थांबून आजचे पाणी कसे आहे हे विचारावे आणि गावाने त्याला खरे उत्तर द्यावे. शिक्षकांनी हा प्रश्न मुलांच्या अंगवळणी पाडला आणि पंचायतींनी उत्तर देणारा माणूस पायथ्याशी ठेवला, तर सोमवारी सकाळी वर्गातील सर्व बाके भरलेली दिसतील.